एकाच दगडाखालचे दोन खेकडे

१९७३, ऑगस्ट. पोळ्याच्या आधीचा शनिवार. नागपूर, कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाची मागची प्रयोगशाळा.

हजर: मी, प्रात्यक्षिकं घेणारी अधिव्याख्याती. माझी विद्यार्थिनी, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची, उमरेडजवळच्या एका खेड्यातली. विभागाचा शिपाई, ज्याला प्राचार्यांपासून पोरांपर्यंत सगळे मामा म्हणत. आणि सकाळचा तास संपल्यावर, न बोलावता आलेला, त्या मुलीचा थोरला भाऊ.

गैरहजर: विभागप्रमुख. बाहेरगावी.

काही मोडलं की आधी काय मोडलं ते मी लिहून काढते, का मोडलं ते नंतर. म्हणून हजेरीच्या खाली लगेच नुकसान. भिंतीवरची लांब फळी आणि तिच्यावरच्या सगळ्या बरण्या. जिवंत खेकड्यांचा एनॅमलचा टब. एक सूक्ष्मदर्शक, नळी वाकून. माझा चष्मा. आणि मुलीचा उजवा हात, कोपर आणि मनगट यांच्या मधे.

आता का ते.

मुलीचं काम दोन जातींच्या खेकड्यांवर होतं. आपल्याकडे नाल्यात आणि धानाच्या बांध्यांत जे खेकडे मिळतात ते खाणाऱ्याला एकच वाटतात. ते एक नाहीत. त्यांची लॅटिन नावं लांब आहेत आणि अर्ध्यापर्यंत सारखी आहेत, म्हणून विभागात आम्ही एकाला धारवाला म्हणायचो आणि दुसऱ्याला बोथट. खेकड्याच्या पाठीवर, डोळ्यांच्या जरा मागे, एक आडवी कड असते. धारवाल्याची कड बोटाला लागते आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग असते. बोथटाची झिजल्यासारखी, मधे तुटलेली. पाठीच्या कडेला, दोन्ही बाजूंना, एकेक दात असतो. धारवाल्याचा टोकदार, बोथटाचा नुसता उंचवटा. बोथट पाठीत जास्त फुगीर.

रंगावर जाऊ नये. जिवंतपणी एक जांभळट आणि दुसरा मातकट दिसतो खरा, पण त्यातला अर्धा रंग चिखलाचा असतो, आणि फॉर्मॅलीनमध्ये राहून दोन्ही उकडल्यासारखे पिवळट होतात. नांगीच्या आकारावरही जाऊ नये. हे प्राणी आयुष्यभर मारामारी करतात, नांगी तुटते, नवी फुटते ती आधी बारीकच असते. आमच्या टबात रोज सकाळी कुणीतरी कुणाचा तरी पाय खाल्लेला असायचा. ज्यानं कात टाकली, म्हणजे जुनं कवच सोडलं आणि नवं अजून मऊ होतं, त्याला बाकीचे मिळून फाडत. मामा टब साफ करताना म्हणायचे, "बाई, रातच्या पंगतीत आज हा होता."

खात्रीची खूण एकच, आणि ती फक्त नरात. नराच्या पोटाखाली एक निमुळता पदर दुमडलेला असतो. चिमट्यानं तो उचलला की खाली दोन बारीक काड्या दिसतात. मादीशी संग करायला लागणारे अवयव ते. धारवाल्याच्या काडीचं टोक सरळ. बोथटाच्या काडीचं टोक बाहेर वळलेलं. हे टोक तांदळाच्या कणीपेक्षा लहान असतं, आणि ते मोडलं की नर हातात असूनही खात्री देता येत नाही. माद्या आणि पिल्लं यांच्याबद्दल तर कुणी छातीठोकपणे बोलायला लागला की मी त्याच्यापासून लांब उभी राहते.

खेकडे धरायला मुलीला तिच्या भावानंच शिकवलं होतं, लहानपणी. बिळाच्या तोंडाशी कान लावायचा, मग पालथा हात आत सरकवायचा, खेकड्यानं धरलं तरी ओढायचं नाही, तो आपणहून नांगी सैल करतो. त्यांच्या गावाकडे बाहेर काढलेल्या खेकड्याच्या दोन्ही नांग्या तिथल्या तिथे मुळाशी कटकन मोडतात आणि उरलेला टोपलीत फेकतात. भावाचा हात त्यात इतका बसलेला होता की पहिल्या खेपेला त्यानं बहिणीसाठी पिशवीभर खेकडे आणले ते सगळे थोटे. ती चिडली तर तो म्हणाला, "मग काय जित्या नांग्या अंगावर घेऊन बसमधी बसू का वं?" पण पुढच्या खेपेपासून त्यानं अख्खे आणले, ओल्या गोणपाटात, एकेक वेगळा बांधून. तेव्हा तो तिच्या बाजूचा होता.

आदल्या साली दुष्काळ होता. त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांच्या शेतालगतचा नाला आटत आटत एका वळणावर डबकं उरलं, आणि डबक्यात एक दगड. भावानं पहार घालून तो दगड उलटवला. खाली दोन नर होते, एकमेकांच्या नांगीत नांगी अडकवून, एकाचा डोळा दुसऱ्यानं काढलेला. एक धारवाला, दुसरा बोथट.

आमचा तोवरचा समज असा की हे दोघं एका जागी राहत नाहीत: धारवाला वरच्या खडकाळ भागात, बोथट खालच्या गाळात. मुलीच्या प्रबंधिकेतलं सर्वांत वजनदार वाक्य त्या जोडीवर उभं होतं. ती जोडी वेगळ्या बरणीत ठेवली होती, फळीवर नाही, तिच्या टेबलावर. लेबलावर नाल्याचं नाव होतं, आणि 'पकडणारा' या शब्दापुढे भावाचं नाव.

लेबलांचं इथेच सांगून टाकते. माझा नियम असा होता की चिठ्ठी शिसपेन्सिलीनं लिहायची आणि दोऱ्यानं खेकड्याच्या पायाला बांधून बरणीच्या आत सोडायची. शिसपेन्सिल फॉर्मॅलीनमध्ये पुसत नाही आणि चिठ्ठी खेकड्याला सोडून कुठे जात नाही. त्या वर्षी विभागाची तपासणी होती. विभागप्रमुखांना त्या पिवळ्या चिठ्ठ्या पाहवेनात. "लोणच्यात कागद पडल्यासारखं दिसतं," ते म्हणाले. सगळ्या चिठ्ठ्या काढून टाकल्या गेल्या आणि बरण्यांवर बाहेरून टाइप केलेली लेबलं डकवली गेली. समितीला फार आवडली. अशा व्यवस्थेत बरणी फुटली की लेबल काचेबरोबर जातं आणि खेकडा बिननावाचा उरतो. हे मी तेव्हा बोलले होते आणि विभागप्रमुख म्हणाले होते, "पण बरण्या फुटतील कशाला?"

लांबलेली तोंडी परीक्षा सोमवारी होती, बाहेरचे परीक्षक यायचे होते. पोळा मंगळवारी. घरून मुलीला पोळ्यापर्यंतच मुदत होती. सोमवारी ती पास झाली तर एका कॉलेजात तिची नोकरी जवळजवळ ठरलेली होती. नाही झाली तर सणाला घरी जाणार आणि तिथून परत येणार नव्हती. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं आणि भावालाही माहीत होतं.

तो दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या खांद्याला कापडी पिशवी होती, बैलांसाठी घेतलेल्या घुंगरमाळांनी भरलेली. पोळ्याचा बाजार करायला तो नागपूरला आला होता. हातात बैल हाकायची नवीकोरी तुतारी, टोकाला लोखंडी आर लावलेली.

"काहून वं," तो म्हणाला, "घरी ये म्हणून चिठ्ठी धाडली, भेटली नाही तुले?"

"भेटली. सोमवारी परीक्षा आहे, दादा. मंगळवारी येतो म्हणून सांगितलं होतं मी आईले."

"गुरुवारी तुले पाहाले पावणे आले तवा तं आली होती. हात कसा दाखवला त्याईले?"

मुलीच्या डाव्या तळहातावर अंगठ्याखाली खेकड्यानं फाडलेली जखम होती. टाके ताजे होते.

मामा म्हणाले, "बसा ना गा. पाणी घ्या अगुदर."

"पाणी ठेव तुह्यापाशी, बुढ्या." मग बहिणीला, "पोराची माय काय म्हणली, आयकलं का? म्हणली, पोरीचे हात पाहून वाटते, मच्छीबाजारातून उचलून आणली. साऱ्या गावासमोर म्हणली. खाणीतला क्लार्क होता तो! असं ठिकाण पुन्हा भेटते का?"

"मग तू काय म्हणला?"

"मी काय म्हणू?"

"म्हणाचं होतं, मीच शिकवलं तिले खेकडं धराले."

ती हे शांतपणे बोलली. तिनं मान वर करून त्याच्याकडे बघत हे म्हणायला नको होतं असं मामांचं मत होतं, आणि ते मत त्यांनी निवृत्त होईपर्यंत सोडलं नाही. माझं मत तसं नाही.

त्यानं तुतारीचा दांडा फळीमागे घातला आणि ओढला. फळी भिंतीतल्या खिळ्यांसकट आली. बरण्या एकामागून एक पडल्या आणि मग सगळ्या एकदम. फॉर्मॅलीनचा वास उठला तो वास नव्हताच, ती थप्पड होती. डोळे मिटले गेले. मिटल्या डोळ्यांनी मला घुंगरमाळा ऐकू येत होत्या, आणि बुटांखाली चुरा होणारी काच. तो नाचत होता म्हणावं तर तसंच, पायाखाली येईल ते चिरडत. टब उलटला. जिवंत खेकडे मेलेल्या खेकड्यांमधून पळायला लागले, आणि फॉर्मॅलीन लागलं तसे काही जण जागेवरच पाय झाडून टाकायला लागले. खेकडा असंच करतो. त्याला जिवंतपणी फॉर्मॅलीनमध्ये टाकलं तर तो आपले पाय मुळाशी तोडून फेकतो, एकेक करून, म्हणून आम्ही आधी बर्फात बधिर करतो. त्या दिवशी बर्फ नव्हता. फरशीवर नुसती धडं फिरत होती.

"हात काढ त्याच्यावरून," भाऊ ओरडला. मुलगी टेबलावर आडवी झाली होती, जोडीच्या बरणीला दोन्ही हातांनी धरून.

"नाही काढत."

"काढ म्हणतो ना!"

"मार मग."

त्यानं मारलं. तुतारी तिच्या उजव्या हातावर बसली. ओली काटकी मोडावी तसा तो आवाज मी ओळखला, कारण हाडाचा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. मामांनी मागून त्याच्या कमरेला मिठी मारली, त्यानं त्यांच्या तोंडावर कोपर हाणलं, त्यांचा ओठ फाटला. मी खेकडे काढायची सळई घेतली. माझा चष्मा तोवर खाली पडून तडकला होता; पहिला फटका सूक्ष्मदर्शकाला लागला. दुसरा त्याच्या मनगटावर, माप घेऊन. तुतारी पडली.

"मॅडमबाई," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आमच्या सगळ्यांच्याच. "तुमी बाईमाणूस होऊन मारता?"

"हो," मी म्हणाले. "अजून एक देऊ?"

तो थांबला. मला वाटलं संपलं. त्यानं डाव्या हातानं टेबलावरची बरणी उचलली. मुलीची बोटं आता काही धरू शकत नव्हती. त्यानं लेबल वाचलं. वाचता येत होतं त्याला, सातवीपर्यंत शिकलेला होता.

"हे मीच धरले होते ना वं?"

"हाव."

"मीच धरले," तो म्हणाला, आणि बरणी फरशीवर आपटली. दोन्ही खेकडे काचेतून बाहेर घसरले. त्यातला एक टेबलाच्या पायामागे गेला. दुसरा त्याच्या पायाशी थांबला. त्यानं टाच त्याच्यावर ठेवली, सगळं वजन दिलं आणि फिरवली. विडी विझवतात तशी. मग पिशवी सावरली आणि गेला. घुंगरं जिन्यापर्यंत ऐकू येत होती. तुतारी विसरून गेला.

मग मी कामं ठरवली. खिडक्या. पाणी. मुलीच्या हाताला दोन फूटपट्ट्या आणि माझा पदर. रिक्षा. सरकारी दवाखाना. मामांना सांगितलं: फरशीवरचं काहीही हलवायचं नाही, झाडूला हात लावायचा नाही.

प्लास्टर घालून आम्ही परतलो तेव्हा मामांनी अर्धी खोली झाडून कोपऱ्यात ढीग केला होता.

"मामा!"

"काच होती ना, बाई. कोनाच्या पायात गेली असती." ओठ सुजल्यामुळे त्यांचे शब्द बोबडे येत होते. "चाळीस... नाही, लई वर्सं झाली झाडून राहिलो. हात थांबतच नाही."

मी त्यांना रागावले आणि मग त्यांच्या ओठाला आयोडीन लावलं. ते माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडले.

मुलगी त्या ढिगाकडे बघत होती. डॉक्टरांनी तिला झोपायला सांगितलं होतं. ती म्हणाली, "बाई, सोमवारी काय दाखवू?"

"खेकडे."

"कोणते कोणते, हे कसं सांगू?"

"बघून," मी म्हणाले. "दोन वर्षं तेच शिकलीस ना?"

तिचा उजवा हात गळ्यात बांधलेला, डाव्याच्या तळव्याला टाके. चिमटा धरणं शक्य नव्हतं. म्हणून असं ठरवलं की चिमटा मी धरीन, तोंड ती उघडेल. मी फक्त हात. ती चुकली तरी मी भुवईसुद्धा हलवणार नाही. काम तिचं होतं, परीक्षा तिची होती, आणि परीक्षकांनी विचारलं तर हे मला खरं सांगता यायला हवं होतं.

शनिवारची दुपार आणि रविवारचा अख्खा दिवस आम्ही तेच केलं. मामा एकेक खेकडा काचेतून उचलत, तीनदा पाण्यातून काढत आणि ट्रेमध्ये उताणा ठेवत. वास इतका होता की तासातासानं व्हरांड्यात जाऊन उभं राहावं लागे.

"पदर," ती म्हणे. मी उचले. "दिवा जरा अलीकडे. वळलेलं. बोथट."

पुढचा. "पदर. सरळ. धारवाला. आता पालथा करा, कड बघते. हो, धारवाला."

पुढचा. "मादी. कड दाखवा. बोट फिरवा तिच्यावर. लागते?"

"मला विचारू नकोस," मी म्हणाले. "मी हात आहे."

मग ती खाली वाकून कडेवर आपला गाल घासून बघे, कारण बोटं बांधलेली होती. अशी प्रजात ओळखताना मी कुणाला आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. काच लागून तिच्या गालावर दोन रेघा उमटल्या.

"हा तं दोन्ही घरचा जावई दिसून राहिला," मामा एका मोठ्या नराकडे बघून म्हणाले. "कड इकडची, फुगा तिकडचा."

"मामा, गप्प बसा ना गा."

"बसलो. पण पोट पाहा त्याचं. पोळ्याची पुरणपोळी खाऊन आल्यासारखा."

ती हसली, आणि हसताना हाडाला हिसका बसला तशी कळवळून शिवी दिली. माझ्यासमोर शिवी दिल्याची आठवण होऊन पांढरी पडली. मी चिमटा खाली ठेवला नाही. "पदर उचलू का?" विचारलं.

एका खेकड्यापाशी तिनं धारवाला म्हटलं आणि मी असते तर बोथट म्हटलं असतं. मी त्याला धारवाल्यांच्या ट्रेमध्ये ठेवला. ती पुढे आठदहा खेकडे बघून म्हणाली, "बाई, तो मघाचा परत द्या." पुन्हा पदर, पुन्हा दिवा. "काडीचं टोक मोडलंय. मी मोडकं टोक सरळ समजले. नर असूनही सांगता येत नाही." अशांसाठी तिनं तिसरा ट्रे मागितला. रविवारी तो ट्रे बाकी दोन्हींपेक्षा जास्त भरला, त्यात बहुतेक माद्या आणि पिल्लं. तिला भीती वाटली की परीक्षक म्हणतील, हिला काहीच येत नाही. पण त्यातला एकही खेकडा तिनं अंदाजानं उचलून दुसरीकडे ठेवला नाही.

दुपारी टेबलाच्या खणातून एक जिवंत खेकडा निघाला, दोन पायांचा, नांगी वर करून. मामांनी तुतारीनंच त्याला ठेचला. "भावाची निशाणी कामाले आली," म्हणाले.

जोडी आम्ही शेवटी घेतली. टेबलाच्या पायामागे गेलेला धारवाला होता, एका डोळ्याचा, धडधाकट; काडीचं टोक सरळ, प्रश्नच नाही. टाचेखालचा दुसरा माझ्या तळहातावर मावेल एवढा चुरा होता. तिच्या सांगण्याप्रमाणे मी पाठीचे तुकडे ओल्या कापसावर जुळवले. कडेचे तीन तुकडे मिळाले: झिजलेली, मधे तुटलेली. एका बाजूचा दात: नुसता उंचवटा. पदर चिकटून सपाट झालेला. एक काडी मिळाली, टोकाशिवाय. दुसरी मिळालीच नाही. आम्ही मामांचा ढीग चाळणीतून धुतला, संध्याकाळपर्यंत. काच, पाय, पाय, काच.

"हा बोथटच आहे," ती म्हणाली. "मी जिवंत बघितलाय. दगडाखालून निघताना."

मी तो बरणीबाहेरूनच बघितला होता; काडी तपासायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.

सोमवारी परीक्षक आले. वयस्क, कोरडे, पानाच्या डब्यासह. त्यांनी आधी बरण्या बघितल्या, म्हणजे साखरेच्या आणि लोणच्याच्या ज्या बरण्या मी घरून आणल्या होत्या त्या. आत चिठ्ठ्या, शिसपेन्सिलीनं, पायाला बांधलेल्या.

"हात कशानं मोडला?"

"भावानं," ती म्हणाली.

त्यांनी पान तोंडात टाकलं आणि पुढे विचारलं नाही. ट्रेमधून एक नर उचलला, पदरावर कापूस दाबून धरला. "आता सांगा. काडी न बघता."

"कड सलग आहे, दात टोकदार आहे. धारवाला असावा. पण कापूस काढल्याशिवाय लिहून देणार नाही."

"आणि हा?" तिसऱ्या बरणीतलं पिल्लू.

"माहीत नाही."

"अंदाज?"

"अंदाज मला करता येतो, सर. पण तो चिठ्ठीवर लिहिण्यासारखा नाही."

मग त्यांनी कापसावरचा चुरा बराच वेळ भिंगाखाली बघितला. तिचं वजनदार वाक्य मोठ्यानं वाचलं. "म्हातारा धारवाला बरेच दिवस कात न टाकता राहिला तर त्याची कड आणि दात दोन्ही असेच झिजतात. माहीत आहे ना?"

"हो."

"मग टोकाशिवाय मी हे वाक्य कसं मान्य करू?"

"मी त्याचा पदर उचलून बघितला होता, सर. उन्हाळ्यात."

"मी नव्हता बघितला. दुसऱ्या कुणी त्याला जिवंत बघितलंय?"

"ज्यानं पकडला त्यानं."

"त्यांना विचारता येईल?"

ती प्लास्टरकडे बघत राहिली. परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं आणि ते एक वाक्य सरळ रेघ मारून खोडलं. समासात लिहिलं: त्याच नाल्यातून ताजी जोडी मिळाल्यास स्वीकारार्ह. बाकी सगळं त्यांनी मान्य केलं. ती पास झाली.

पोळ्याला ती माझ्या घरी होती. दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघाली तेव्हा मामा तुतारी घेऊन गेले आणि त्या गर्दीत पुतळ्याबरोबर जळायला टाकून आले. मला विचारलं असतं तर मी ठेवली असती. ती नोकरीच्या गावी गेली, आणि त्यानंतर कुठल्याच पोळ्याला उमरेडच्या बसमध्ये बसली नाही. हाताचं हाड जरा वाकडं जुळलं. फळ्यावर लिहिताना दिसतं.

भाऊ मला परत भेटला तो बऱ्याच वर्षांनी, नागपुरातल्या गांधीबागेच्या बाजारात, एका कापडाच्या दुकानात. स्वतःच्या मुलीच्या लग्नाचं कापड घेत होता. त्यानंच ओळखलं. मनगट माझ्याकडे केलं आणि म्हणाला, "पावसाळ्यात दुखते अजून, मॅडमबाई."

"तिचा हातही दुखतो," मी म्हणाले.

तो थानावरून हात फिरवत राहिला. मग खाली बघूनच म्हणाला, "नाला हाय अजून. पण वरच्या अंगानं खाणीची माती येऊन राहिली. दगड मले ठाव हाय कोणता. उन्हाळ्यात पाणी उतरलं का दाखवतो. तिले म्हणा, ये."

मी तिला तसं लिहिलं. तिचं उत्तर एका कार्डावर आलं, तिच्या वाकड्या हाताच्या अक्षरात: बाई, दगड त्याला दाखवू द्या. पण खेकडा तुम्ही धरा. त्याच्या हातचा मला नको.

मी आयुष्यात कधी बिळात हात घातलेला नाही. बाकी तयारी आहे. सळई, दोन बरण्या, बर्फाला थर्मासची पेटी, चिठ्ठ्या कापून ठेवलेल्या, दोरा ओवलेला. चिठ्ठ्यांवर नाल्याचं नाव लिहिलं आहे. 'पकडणारा' या शब्दापुढची जागा रिकामी आहे. दोन उन्हाळे गेले. खाणीच्या मातीचं तो काय म्हणाला ते लक्षात आहे. जायचं राहिलं आहे.